राहून गेलेला निरोप समारंभ

ताई,

कॉलेजच्या गेटवर तुमचा फ्लेक्स लागलाय. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मधे तुम्ही आणि खाली शोकाकुल मंडळी. शोकाकुलांत अध्यक्ष आहेत, सचिव आहेत, प्राचार्य आहेत, आणि अध्यक्षांचा फोटो तुमच्यापेक्षा मोठा आहे. ते हसतायत. दुसरा फोटो नसेल म्हणा त्यांच्याकडं. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा गाडी गेटातच उभी केली आणि वॉचमनला म्हटलं, हे उतरव. तो म्हणाला, साहेबांनी लावलाय, मी कसा उतरवू? त्याचंही बरोबर होतं. मग मी गाडी आत घेतली.

तुमचा फोटो कुठून आणला ते ऐका. तुमच्या जुन्या ओळखपत्रावरचा आहे. ताणून मोठा केला, म्हणून गाल पसरलेत आणि डोळे धुरकट दिसतायत. दुसरा मिळेचना. मी आणि भिकूमामा, आपले शिपाई, दुपारभर कॉम्प्युटरसमोर बसून समारंभांचे फोटो धुंडाळत होतो. कॉलेजात आजवर झालेल्या जवळजवळ प्रत्येक सत्काराच्या फोटोत तुम्ही आहात. म्हणजे तुमचे हात आहेत. फोटोच्या डाव्या कडेनं तबक आत येतं, तबकात शाल, नारळ, गुच्छ, आणि तबकाखाली तुमचे दोन हात, कोपरापर्यंत. तिथून पुढं फोटो संपतो. भिकूमामा आधी हसले, मग म्हणाले, "ह्या बाईचं त्वांड कुणी काढलंच न्हाई की वं."

मला राग आलाय, ताई. विचारायला येणाऱ्या सगळ्यांना दुःख झालंय असं सांगतोय, कारण तसं सांगायची रीत आहे. खरं म्हणजे मी तुमच्या बाराव्या-तेराव्याला सुद्धा दात आवळूनच बसलो होतो. तुमच्याशी खोटं बोलायची सोय कधीच नव्हती, आता तर मुळीच नाही.

मी फौजेतून आलो तेव्हाचं आठवतं का? कोरेगावचा माणूस, हवालदार म्हणून बाहेर पडलेला, आणि पहिल्या दिवशी तुमच्या टेबलासमोर सावधान उभा राहून 'जय हिंद, साहेब' म्हणालेला. सगळं ऑफिस फिस्कन हसलं होतं. तुम्ही हसला नाहीत. खुर्चीकडं बोट केलंत आणि म्हणालात, "बसा हवालदार. हितं साहेब कुणी न्हाई, सगळी मास्तरं हायती." त्या दिवसापासून माझं नाव गेलं आणि मी ऑफिसात हवालदारच झालो. तुम्ही ऑफिसच्या अधीक्षक होता, माझ्या वरच्या, पण मला कधी हुकूम सोडल्याचं आठवत नाही. "हवालदार, ह्ये तेवढं बघा की," एवढंच. फौजेतल्या ऑर्डरला मी कधी इतक्या लगबगीनं उठलो नसेन.

आपलं पहिलं भांडण 'मॅडम'वरून झालं. काल लागलेली, हजेरीपटावर सही कुठं करायची हे विचारणारी प्राध्यापिका मॅडम, आणि जिच्याशिवाय कुणाचा पगार निघत नाही ती ताई. मी म्हटलं, तुम्ही हे चालवून कसं घेता? तुम्ही म्हणालात, "मॅडम म्हणाय लागली की पोरी खिडकीत याला भ्यात्यात. ताई बरं हाय." मला ते पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पोरींनी म्हणू दे ना ताई. सरांनी का म्हणायचं?

दुसरं भांडण आभारांचं. आपल्याकडचं आभारप्रदर्शन तुम्हाला पाठ होतं, तुम्हीच ते टाइप करून द्यायचात. पाहुण्यांचे आभार, अध्यक्षांचे आभार, पत्रकारांचे, मंडपवाल्याचे, स्पीकरवाल्याचे, आणि शेवटी 'ज्यांनी प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मदत केली त्या सर्वांचे'. मी एकदा चिडून म्हणालो होतो की ताई, ह्या अप्रत्यक्षातले आपण. मंडपवाल्याला नाव आहे, आपल्याला नाही. निदान तुमच्या हातानं टाइप करताना तरी 'कार्यालयीन कर्मचारी' एवढे दोन शब्द घाला. तुम्ही घातले नाहीत. म्हणालात, "आपल्याच हातानं आपलं आभार कसं लिवायचं? लाज वाटती." बरं, लाज तुम्हाला का वाटावी? ज्यांना वाटायला हवी होती ते पहिल्या रांगेत कोल्ड्रिंक पीत होते. आणि सरकारदरबारी आपलं नाव काय, तर शिक्षकेतर. माणूस काय आहे ते सांगायचंच नाही, काय नाही तेवढं सांगायचं.

हे सगळं मी गिळलं असतं. पण तुमच्या निरोपाचं मला गिळता येत नाही.

माझ्या युनिटमध्ये लंगरचा कुक रिटायर झाला तरी बडाखाना, म्हणजे सगळ्यांचं मोठं जेवण, व्हायचा. सीओ साहेब स्वतः हात मिळवायचे आणि अख्खी कंपनी त्याला गाडीपर्यंत सोडायला यायची. आपल्या कॉलेजची पद्धतही तशी वाईट नाही. प्राध्यापक रिटायर झाला की जीपला झेंडूच्या माळा, पुढं हलगी, आणि सगळा स्टाफ त्याला त्याच्या घरापर्यंत सोडायला जातो. दारात घरची बाई औक्षण करते, पेढे वाटतात, मग मंडळी परत. किती जणांना असं सोडून आलात तुम्ही. माळा कुणाकडून घ्यायच्या, हलगीवाल्याला किती वाजता बोलवायचं, जीपमध्ये पुढं कोण बसणार, कुणाच्या घरी जिना अवघड आहे म्हणून खुर्ची खालीच मांडायची, सगळं तुम्ही. आष्ट्याच्या त्या गणिताच्या सरांना सोडायला गेलो तेव्हा त्यांच्या दारात सर रडले आणि त्यांच्याआधी तुम्ही रडलात. परत येताना मी चेष्टेनं म्हणालो, तुमच्या वेळी मी हलगी स्वतः वाजवीन. तुम्ही म्हणालात, "वाजवा की. पर सुरात वाजवा."

मग तुमची वेळ आली. मे अखेर, कॉलेजला सुट्टी, प्राचार्य परगावी. फोनवर म्हणाले, "ताई, घाईघाईत नको. जूनमध्ये घेऊ, थाटात घेऊ." तुम्ही कपाटाच्या चाव्या माझ्या हातात दिल्यात, टेबलाच्या काचेखालचा देवीचा फोटो काढून पर्समध्ये घातलात आणि निघालात. मी म्हटलं, मोटारसायकलवर सोडतो पलूसला घरी. "गुडगा दुमडत न्हाई, यष्टी बरी," असं म्हणून गेलात. इतक्या वर्षांची नोकरी संपली आणि तुम्ही खांद्याला पर्स लावून भाजी आणायला निघाल्यासारख्या गेटातून बाहेर पडलात. वॉचमन जेवत होता, त्यानं मान वर केली नाही.

जून आला, ॲडमिशन आली. मग गणपती. मग मूल्यांकनाची समिती. मग संमेलनात घेऊ, मोठे पाहुणे येतायत, त्यांच्या हस्ते घेऊ. संमेलनात वेळ कमी पडला. निरोप दिला नाही म्हणजे बाई अजून नोकरीतच, असा सोयीचा समज ह्या लोकांनी करून घेतला होता. फोन चालूच. "ताई, जरा येऊन जा." "ताई, तो पासवर्ड कोणता होता?" "ताई, पेन्शनची एक केस अडलीय." आणि तुम्ही यायचात. एसटीनं, गुडघ्याला पट्टा बांधून, डबा घेऊन. पुढच्या वर्षीच्या ॲडमिशनला तर तुम्ही रोज येत होतात आणि नवीन मुलांना कळतही नव्हतं की ही बाई इथं कामाला नाही.

आपलं शेवटचं भांडण त्याच दिवसांतलं. चहा समोर होता. मी म्हटलं, "ताई, बास झालं. निरोप देईपर्यंत इथं पाय ठेवू नका. त्यांचं अडलं की येतील धावत."

"त्यांचं काय अडत न्हाई, हवालदार. पोरींची शिष्यवृत्ती अडलीया. पोरींनी माझा निरोप ठेवून घेतलाय व्हय?"

"पोरींचं बघायला मी आहे."

"हायसा की. पर त्यांच्या आया मला फोन करत्यात, तुमाला न्हाई." मग म्हणालात, "तुमाला लय राग हाय. तिकडं फौजंत सोडून याचा."

मी म्हटलं, "तुम्हाला येत नाही, म्हणून मला दोघांचा यावा लागतो."

तुम्ही चहाचा कप बाजूला सारलात. "येतो की," म्हणालात, "दावू कुणाला?" आणि पर्स उचलून एसटी गाठायला गेलात.

एवढंच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कबूल केलंत आणि उठून गेलात. ताई, मला दाखवायचा होता. मी समोरच बसलो होतो. एकदा टेबलावर हात आपटला असता तरी चाललं असतं, मी दार लावून घेतलं असतं. मी चुकलो असं मी म्हणणार नाही, तुम्ही यायला नको होतं हे माझं म्हणणं कायम आहे. त्याचं उत्तर मात्र तुमच्याकडं राहिलं.

त्याच रविवारी सकाळी तुमच्या मिस्टरांचा, आण्णांचा, फोन आला. आण्णा उसाला पाणी पाजून आले तर दूध करपल्याचा वास, आणि तुम्ही ओट्याशी खाली बसलेल्या. हार्टचं होतं म्हणे. कामानं तुम्हाला मारलं असं मी कुणाला सांगत नाही. ते खरं नाही, आणि खऱ्यावर इतकं चिडण्यासारखं असताना खोट्याची गरज नाही.

तेरावा झाल्यावर प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "शोकसभा घेऊ," म्हणाले, "आणि त्यातच मरणोत्तर सत्कार ठेवू. ताईंचा निरोप समारंभ राहिला होता, तोही उरकून जाईल. तुम्ही तयारी बघा." उरकून. मी विचारलं, "सर, शाल कुणाला पांघरणार?" ते म्हणाले, "मिस्टरांना देऊ की." त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हे मला सगळ्यात जास्त लागलं. माणूस वाईट असता तर मी सरळ भांडलो असतो. तो चांगला माणूस आहे, पोरांची फी स्वतःच्या खिशातून भरतो. त्याला तुम्ही दिसतच नव्हतात.

तयारी मी केली. न करून सांगू कुणाला? तुमच्या माणसांना रिकाम्या हॉलमध्ये बसवायचं का? आण्णा आले, तुमची मीना आली सासरहून. प्राचार्य बोलायला उभे राहिले. ताई म्हणजे कार्यालयाचा कणा, वगैरे झालं. मग म्हणाले, "निवृत्तीनंतरही ताई वर्षभर कॉलेजला येत राहिल्या. हे त्यांचं संस्थेवरचं प्रेम." मी बाजूला तबक घेऊन उभा होतो आणि तबकाची कड इतकी आवळली की नारळ हलताना मीनाला दिसला. प्रेम नव्हतं असं नाही. पण ते तुम्ही म्हणायचं होतं, त्यांनी नाही.

मग आण्णांना स्टेजवर बोलावलं. प्राचार्यांनी शाल घ्यायला हात मागं केला, तुम्हाला माहीत आहे तसा, मान न वळवता. आण्णांनी तो हात मधेच धरला. आण्णा आयुष्यात कधी माइकसमोर बोलले नसतील. माइक त्यांच्या हनुवटीच्या खूप वर होता, तरी मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"शाल ऱ्हाऊ द्या, सर. मास्तर रिटायर झालं की तुमी समदी त्याला घरापतुर सोडाय जाता. हिला कुणी सोडली न्हाई. यष्टीनं आली. मी इचारलं, एकलीच गं? तर म्हणली, जूनात येणार हायत समदी, पेढं सांगून ठेवा. मी सांगून ठेवलं. दोन जून झालं, सर. शाल नको. तिला घराकडं सोडाय चला."

प्राचार्य म्हणाले, "नक्की, आण्णा, नक्की. एखादा चांगला दिवस ठरवू."

"आज," आण्णा म्हणाले.

मी तबक टेबलावर ठेवलं. त्यानंतर मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. भिकूमामांनी स्टेजवरचा तुमचा हार घातलेला फोटो उचलला आणि छातीशी धरून पायऱ्या उतरले. ग्रंथालयाचे, लॅबचे, ऑफिसचे सगळे त्यांच्या मागून उठले. खरं सांगायचं तर प्राध्यापकांतलेही उठले, मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त, आणि आष्ट्याचे गणिताचे सर काठी टेकत सगळ्यांच्या पुढं. जीपला माळा नव्हत्या, हलगी नव्हती. प्राचार्यांनी पुढं येऊन जीपचं दार स्वतः उघडलं. मग म्हणाले, मला मीटिंग आहे, आणि गेटापाशी थांबले. त्यांना मी माफ केलेलं नाही, पण दार उघडलं हे तुम्हाला कळावं म्हणून लिहितोय.

पलूसपर्यंत आण्णा पुढच्या सीटवर तुम्हाला मांडीवर घेऊन बसले होते. मागून मोटारसायकली, दोन चारचाकी, एक कारखान्याचा ट्रॅक्टर उगाच मधे घुसलेला. गल्लीत आलो तेव्हा शेजारच्या बाया ओट्यावर येऊन बघायला लागल्या, आता आणखी काय झालं म्हणून. मीना आमच्या आधी पोचून आत गेली होती. ती औक्षणाचं ताट घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यातच थबकली. हार घातलेल्या फोटोला ओवाळायचं कसं, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, आम्हालाही माहीत नव्हतं. तिनं निरांजन काढून बाजूला ठेवलं आणि कुंकवाचं बोट तेवढं काचेला लावलं. गणिताचे सर रडले. ह्या वेळी त्यांच्याआधी रडायला कुणी नव्हतं.

मी रडलो नाही. मी त्या सगळ्यांसमोर तुमच्या दारात उभा राहून सॅल्यूट केला. एवढंच मला नीट येतं. पोरं हसतील असं वाटलं होतं, कुणी हसलं नाही.

आणि आता एक जे कधी बोललो नाही. माझ्या बायकोचं ऑपरेशन साताऱ्याला झालं तेव्हा तुम्ही रोज संध्याकाळी फोन करायचात, पण मला नाही, माझ्या आईला. मी विचारलं तर म्हणालात, "तुमी काय सांगणार? ठीक हाय, येवढंच म्हणणार." आई जाईपर्यंत तुमची चौकशी करायची. मला म्हणायची, त्या ताईंना घरी जेवायला आण. मी दर वेळी म्हणायचो, आणतो. उपकार मानले तर तुम्ही चेष्टा कराल म्हणून मी तुमच्याशी भांडत राहिलो, कारण भांडायला बसलात की तुम्ही अर्धा तास उठायचा नाहीत. आभार मानतो, ताई. प्रत्यक्ष.

आज सकाळी ऑफिस उघडलं. विद्यापीठाचा काहीतरी मेल आला होता, मुदत आजचीच. नवीन लागलेले वाणिज्यचे सर धावत आले, माझ्या टेबलावर वाकले, आणि सवयीनं म्हणाले, "ताईंना फोन लावा ना, त्यांना माहीत असेल."

म्हणाले आणि तिथल्या तिथं त्यांचा चेहरा पडला. सॉरी म्हणायला तोंड उघडलं. बिचारा काल जीपमागून आला होता, दारात चप्पल काढून उभा होता. इतर कुणी असता तर मी झापलं असतं.

मी म्हटलं, "फोन नाही लावायचा, सर. ताई काल रिटायर झाल्या."